ग्रहणात कापलेल्या दोन बाह्या

मावशींनी सकाळी नऊच्या ठोक्याला दुकानातल्या सगळ्या कात्र्या गोळा केल्या. कापड कापायची मोठी, काजांची मधली, धागे तोडायची इवलीशी, शिवाय ब्लेड, टाचण्यांची डबी आणि नेलकटरसुद्धा. सगळं एका फडक्यात बांधून कपाटात टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. ग्रहण संध्याकाळी आणि जप्ती सकाळपासून, असं लेक मशीनवरून पुटपुटला. मावशींनी ते ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात त्यांचा हात धरणारं त्या गल्लीत कुणी नव्हतं.

सगळी गल्ली त्यांना मावशीच म्हणायची. बासष्टाव्या वर्षीही कापड बेतायचं आणि कापायचं काम त्यांच्याकडे, शिवायचं लेकाकडे. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. माहेरापासून इतक्या लांबच्या, समुद्रापलीकडच्या या शहरात येऊन त्यांना चाळीस वर्षं झाली होती, नवरा जाऊन अकरा. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाचं वीतभर कापड वाया घालवलं नव्हतं. त्याचा त्यांना गर्व होता आणि तो लपवायची त्यांना गरजही वाटत नव्हती.

ग्रहण पाळण्यातही त्यांचा हात असाच बसलेला. वेध लागले की पाण्यात तुळशीचं पान टाकायचं आणि पोटात काही घालायचं नाही. ग्रहण लागलं की अंघोळ, मग सुटेपर्यंत जप, सुटलं की पुन्हा अंघोळ, आणि दुसऱ्या दिवशी कुणा गरजवंताला धान्य. यात घाबरण्यासारखं काही नाही, असं त्यांचे वडील सांगत. घरातलं माणूस अडचणीत असलं की आपल्याला घास उतरत नाही, आणि चंद्र तर रोज दारात येणारा. तो सुटेपर्यंत देवाचं नाव घेत त्याच्या सोबतीला बसायचं, एवढाच ग्रहणाचा अर्थ. लहानपणी मावशींना हे फार आवडायचं. झाकोळलेल्या चंद्राकडे बघत त्या मनातल्या मनात त्याला धीर द्यायच्या.

पण गेली चाळीस वर्षं मावशी चंद्रासाठी बसत नव्हत्या. त्या स्वतःच्या पापासाठी बसत होत्या. लग्न होऊन इथे आल्या त्या पहिल्याच वर्षी, दिवस गेलेले असताना, भर ग्रहणात त्यांनी कात्री चालवली होती. नवरा तापानं फणफणलेला, गिऱ्हाइकाचा कोट सकाळी द्यायचा कबूल केलेला, म्हणून त्यांनी त्या कोटाच्या दोन बाह्या कापल्या. पुढे लेक झाला तो वरचा ओठ दुभंगलेला घेऊन. असं कुणाच्याही बाळाला होऊ शकतं, यात आईचा दोष नाही आणि ग्रहणाचा तर नाहीच नाही, असं डॉक्टरांनी दोनदा समजावलं. मावशींनी मान डोलावली. कापड धुतल्यावर आटेल असं सांगितलं की गिऱ्हाईक डोलावतं, तशी. आणि मूग गिळून बसल्या त्या बसल्याच. नवऱ्याला कळू दिलं नाही, लेकाला तर नाहीच. लेकाला स्थळं यायची, चहा पिऊन जायची आणि कळवतो म्हणायची, तेव्हा दर वेळी मावशींच्या डोळ्यांपुढे त्या दोन बाह्या यायच्या.

शेवटी छत्तिसाव्या वर्षी लेकाचं जमलं. सून विमानाची तिकिटं काढून देणाऱ्या ऑफिसात होती. भांडखोर नव्हती, पण कारण कळल्याशिवाय तिचं पाऊल उचलत नसे. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर पाच देशांची पाच घड्याळं टांगलेली होती आणि दिवसभर लोकांना एकच गोष्ट समजावून तिचा घसा कोरडा पडायचा, की तिकिटावरची उतरायची वेळ ही जिथे उतरणार तिथली असते. मावशींना ती मनापासून आवडत होती. हे त्यांनी तिला अजून सांगितलं नव्हतं, कारण सुनेला सगळं एकदम सांगून टाकायचं नसतं असं त्यांचं मत होतं.

आता तिला पाचवा महिना लागला होता आणि मावशींचा जीव टांगणीला लागला होता. सकाळीच त्यांनी तिला सगळं बजावलं. गर्भारशीला वेध उशिरा असतात, तेव्हा दुपारपर्यंत पोटभर खा, पण संध्याकाळी घरात बस आणि कशालाही धार लावू नकोस, कापू नकोस, टोचू नकोस. सुनेनं का म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, असतं तसं. हे उत्तर सुनेला पटलं नाही, पण ऑफिसला उशीर होत होता.

त्या दिवशी चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार होता, पावणेसातला. मावशी अंघोळ करून, ओल्या केसांनी खिडकीपाशी जपाला बसल्या. समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून चंद्र वर आला, तांबूस, कडेला मळलेला. सून सहालाच परतली होती. येताना तिनं मऊ सुती कापड आणलं होतं, बाळासाठी. सासूबाई एकदा जपाला बसल्या की दीड तास हलत नाहीत हे तिला माहीत होतं, आणि तेवढ्या वेळात एक झबलं कापून होईल असा तिनं अंदाज बांधला होता. कपाटाला कुलूप होतं, पण तिच्या पर्समध्ये कागद कापायची छोटी कात्री होती. पर्सवर छापा घालायचं मावशींना सुचलं नव्हतं.

कापडावर कात्री चालल्याचा आवाज मावशींनी झोपेतही ओळखला असता. माळ खाली ठेवून त्या उठल्या, आतल्या खोलीत गेल्या आणि सुनेच्या हातून कात्री हिसकावून घेतली. सून घाबरली, मग तिला रागही आला, पण तिनं आवाज चढवला नाही.

"आई, सकाळपासून तुम्ही सांगाल ते ऐकलं," ती म्हणाली. "आता तुम्ही मला कारण सांगा. असतं तसं, हे कारण झालं नाही."

मावशींपाशी कारण एकच होतं. ते सांगितलं तर हिला कळणार आणि हिला कळलं की लेकाला कळणार. एवढी वर्षं ज्या तोंडानं तो आई म्हणत आला, ते तोंड तुझं मीच बिघडवलं, असं त्याला सांगण्यापेक्षा जीव गेलेला बरा असं त्यांना वाटत आलं होतं. आणि न सांगावं तर ही पोरगी पुन्हा कात्री उचलणार. मावशींनी सुनेच्या पोटाकडे बघितलं आणि पलंगाच्या कडेवर टेकून सगळं सांगून टाकलं. कोट, ताप, दोन बाह्या, सगळं. सांगताना त्या रडल्या नाहीत. तो कोट निळा होता, एवढंही सांगून झालं.

सून त्यांच्या शेजारी टेकली. मग ऑफिसात एखाद्या गोंधळलेल्या प्रवाशाला विचारावं तशी हळूच विचारू लागली. किती वाजता कापल्या? मावशी म्हणाल्या, सातला, घड्याळ समोरच होतं. चंद्र बघितला होता? नाही, आभाळ गच्च भरलेलं होतं. मग ग्रहण चालू आहे हे कशावरून? अगं, पंचांगात होतं की, सहा बावीस ते सात पन्नास. वडिलांनी माहेरून पाठवलेलं पंचांग.

"आई, मग ते सात तिथले की इथले?"

मावशींना प्रश्नच कळला नाही. सुनेनं ते पंचांग आहे का विचारलं. पंचांग नव्हतं, पण ते पान होतं. इतकी वर्षं ट्रंकेच्या तळाशी, नवऱ्याच्याही हाती लागू न देता ठेवलेलं. मावशींनी ते काढून दिलं आणि सुनेनं दिव्याखाली धरून तळाची बारीक ओळ मोठ्यानं वाचली. सर्व वेळा आमच्या येथील घड्याळाप्रमाणे दिल्या आहेत.

मग तिनं सावकाश सांगितलं. माहेरचं घड्याळ इथल्याच्या साडेतीन तास पुढे. तिथे संध्याकाळी सहा बावीसला ग्रहण दिसलं, तेव्हा इथे दुपारचे तीनही वाजले नव्हते. चंद्र उगवलाच नव्हता. इथे तो उगवायच्या आधीच ग्रहण सुटलं होतं. तुम्ही इथे सातला कात्री हातात घेतलीत, तेव्हा माहेरी साडेदहा झाले होते आणि सगळी मंडळी अंघोळी करून, जेवून झोपली होती.

"मी यातलं काही मानत नाही, हे तुम्हाला माहीत आहे," सून म्हणाली. "डॉक्टर म्हणाले तेच खरं. पण तुमचाच नियम लावून बघा. जे ग्रहण जिथे दिसत नाही, तिथे?"

"तिथे पाळायचं नसतं," मावशी म्हणाल्या. "दोषही नसतो."

हे त्यांनी इथल्या कितीतरी बायकांना शिकवलं होतं. इथली वेळ वेगळी असते, तिकडचं पंचांग बघून उपाशी मरू नका, म्हणून नव्यानं आलेल्यांना त्या दरडावत. पण पहिल्या वर्षी त्यांना स्वतःला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे ती आठवण त्यांनी कधी उघडून बघितलीच नाही. त्यांनी ते पान हातात घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं. त्यांना हायसं वाटायला हवं होतं. पण आधी आला तो संताप. वडिलांचा, त्या छापखान्याचा, बारीक अक्षराचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. एवढी वर्षं झाली, त्या म्हणाल्या, एवढी ग्रहणं झाली, आणि मी दर वेळी जे केलंच नाही त्याची माफी मागत बसले. मग मात्र त्यांना रडू आलं, आणि ते लवकर थांबेना. सून शेजारी बसून त्यांची पाठ चोळत राहिली.

पडद्यातून दुकानातलं सगळं घरात ऐकू येतं, तसं घरातलंही दुकानात जातं. लेक केव्हाचा पडदा धरून उभा होता. मावशींनी त्याला बघितलं. त्या उगीचच म्हणाल्या, दुकान उघडं टाकून आलास का. तो आत आला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"तू बोलताना नेहमी माझ्या कपाळाकडे बघतेस," तो म्हणाला. "शाळेत होतो तेव्हापासून. मला वाटायचं, तुला माझा ओठ बघवत नाही. किळस येते."

मावशी त्याच्याकडे बघतच राहिल्या. आपण शिक्षा भोगतोय असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. त्या शिक्षेतला अर्धा वाटा या पोराच्या पानात पडत होता, हे त्यांच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. खिडकीबाहेर ग्रहण अजून सुटायचं होतं, जप अर्धा राहिला होता, आणि जपात आज मागायचं तरी काय, हा नवाच प्रश्न उभा राहिला होता.

त्यांनी चष्मा पदरानं पुसून डोळ्यांवर चढवला. लेकाची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड दिव्याकडे वळवलं. मग नाकाखालच्या त्या तिरक्या, पांढुरक्या रेषेवरून अंगठा फिरवला, कुणी दुसऱ्यानं शिवलेला कपडा हाती आला की शिवण तपासायला फिरवायच्या तसा, वरून खाली आणि परत वर. कुठे चुणी नव्हती की ओढ नव्हती. कडेला कड बरोबर बसली होती.

"कुणी घातले रे हे टाके?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत आई, मी चार महिन्यांचा होतो. तूच होतीस तिथे."

"हात फार चांगला होता," मावशी म्हणाल्या. "मी कधी बघितलंच नाही."