मांडीवरची फेरी

माझे वडील, आप्पा, जाऊन दोन महिने झाले होते. तळोद्याजवळच्या मळ्यात हेमकांतकाकांनी मुलाच्या वरातीसाठी हेलिकॉप्टर आणलं होतं. माझ्या तीन वर्षांच्या चारूला मांडीवर घेऊन एक फेरी मारायचं त्यांनी ठरवलं.

"आप्पांनी तिला हेलिकॉप्टरची फेरी कबूल केली होती," मी आईला म्हणाले.

"त्यास्नी तिले चांदबी कबूल करेल व्हता." आई काकांकडे वळली. "भाऊ, केळीना घड गाडीमा ठेवाना पहिले तुम्ही खाले पाला आथरतस. पोरले काय आथरशात?"

"भाभी, मी घट्ट धरसू."

"पहिले तुमना फेटा धरा, उडी ऱ्हायना."

काका हसले. त्यांनी पायलटकडे लहान मुलाचा पट्टा मागितला. तो नव्हता. काका एकटेच गेले.

चारू खालून हात हलवत होती. आईनं तिचा फ्रॉक मुठीत गच्च धरला होता, जमिनीवरसुद्धा.