अम्बोमामांची तेलाची बाटली

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. घडवली गेले दारू भरायला. पण पनाय बेटावरच्या अम्बोमामांनी मला धुऊन, उन्हात वाळवून माझ्यात औषधी तेल भरलं. खोबरेल, आलं आणि डोंगरातली मुळं गुड फ्रायडेला उकळली की तेलाला गुण येतो, असं मामा मानतात. ते गावचे मालिशवाले. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची पाठ धरली, की मला काखेत मारून निघायचे. लोक माझं कौतुक करायचे आणि मी फुशारून जायचे. आज ते आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मामांची भाची जेलिन चौदा वर्षांची. लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची. जिल्ह्यात पहिली आली, तर शहरातल्या क्रीडाशाळेत तिला जागा मिळणार होती. भातकापणीच्या सुमारास तिचा गुडघा दुखू लागला. वाटीखाली हाडावर टेंगूळ आलं.

"धावून आल्या आल्या पाय धुतलेस ना?" मामांनी झापलं. "तापलेल्या अंगाला गार पाणी लागलं की पास्मा होणारच!"

"नाही धुतले, मामा."

"मग पास्मा काय वाऱ्यावरून आला?"

मालिशसाठी येऊन बसलेल्या बायका खो खो हसल्या. आमच्याकडे पाय दुखला की आधी हाच प्रश्न येतो आणि उत्तर कुणी ऐकत नाही. मामांनी मला उपडं केलं आणि ते टेंगूळ जोर लावून चोळलं. जेलिनने पंचा दातांत धरला. माझ्या उबेने दुखणं घटकाभर दबायचं, ती पुन्हा धावायची आणि जास्तच लंगडत यायची. असे महिने गेले. शेवटी ती "बरं वाटतंय" म्हणू लागली, कारण खरं बोलून खोटी ठरत होती.

"बघा माझं तेल!" मामा मिरवायचे. घराच्या शिडीवरून ती बसत बसत उतरते, हे फडताळावरून मला दिसायचं. मला तोंड लपवायलाही जागा नव्हती.

जिल्ह्याच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत जेलिन सर्वांच्या पुढे होती. वळणावर ती थांबली आणि गुडघा धरून खाली बसली. मामा मला घेऊन धावले.

"हात लावू नकोस, मामा!" ती किंचाळली. "मी पाय कधीच धुतले नव्हते रे! तू नुसतं विचारतोस, ऐकत नाहीस!"

सगळ्या मैदानाने ते ऐकलं. मामांनी पुढे केलेला हात मागे घेतला. प्रथमोपचाराच्या टेबलावरची नर्स वाकून म्हणाली, "वाढत्या वयाचं हाड आहे, दादा. इतकं दुखत असताना पळवायचं नाही, चोळायचं तर मुळीच नाही. आधी बर्फ लावा."

तापलेल्या पायाला बर्फ! मामांचा चेहरा उतरला. मग ते हातगाडीवरून मूठभर आईस कँडी घेऊन आले आणि ती स्वतः जेलिनच्या गुडघ्याला लावून धरून बसले.

"अम्बो, पास्मा होईल की!" कुणीतरी खिजवलं.

"झाला तर मला होऊ दे," मामा मान वर न करता म्हणाले.

क्रीडाशाळेची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली. जेलिन अजून फक्त चालते. मित्रांनो, दुखणं लपवू नका. मोठे रागावले तरी पुन्हा सांगा, ऐकेपर्यंत सांगा.

परवा शेजारची एक पोर लंगडत आली. "पाय धु..." मामा सवयीने बोलू लागले आणि थांबले. माझं बूच न काढताच तिच्यासमोर बसले.

"कुठं दुखतं, पोरी?" त्यांनी विचारलं, आणि तिचं सांगून होईपर्यंत ते गप्प राहिले.