देव या शब्दावरच्या पट्ट्या

मी एक जुना सिद्दूर आहे. सिद्दूर म्हणजे यहुदी लोकांचं प्रार्थनेचं पुस्तक. माझ्या उजव्या पानावर हिब्रू, डाव्या पानावर मराठी. मित्रांनो, सध्या मी कुठं पडलोय ते शेवटी सांगीन. आत्ताच सांगितलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारा बाता मारतो.

मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला आणि झिराड गावच्या एका बेने इस्राएल घरात, कोकणातल्या मराठी यहुद्यांकडे, मी वाढलो. तिथं वाळवीनं माझी पहिली बारा पानं खाल्ली. पण एवढी प्रार्थना पोटात गेल्यावर ती वाळवी सुधारली. शनिवारचा शब्बाथ पाळू लागली. सहा दिवस कुरतडायची, सातव्या दिवशी स्वस्थ बसायची. नसेल पटत तर सोडा.

त्या घरचा मुलगा हनॉक झिराडकर भूमितीचा मास्तर होऊन पांढरकवड्याला आला आणि मीही त्याच्या ट्रंकेतून आलो. त्या गावात यहुदी असं दुसरं घर नव्हतं. सर आणि त्यांची बायको रूबी, दोघंच. मूलबाळ झालं नाही.

सर देव मानत नसत. जे सिद्ध होत नाही ते म्हणायचं नाही, हा त्यांचा हट्ट. बाप वारला तेव्हा गेलेल्या माणसासाठी मुलानं म्हणायची प्रार्थना, कादिश, त्यांनी म्हटली नाही. "बाबांच्या तोंडावर खोटं कसं बोलू?" एवढंच म्हणाले. त्यानंतर कित्येक वर्षं झोपेत ते कादिशच पुटपुटायचे. रूबीबाईंनी ऐकलंय, मीही ऐकलंय.

रूबीबाईंना मात्र शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावून प्रार्थना लागायची, आणि ती नवऱ्याच्या आवाजात लागायची. मग सरांनी एक तोड काढली. माझ्या मराठी पानांवर जिथं जिथं 'देव' हा शब्द होता, तिथं कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवली, बाभळीच्या डिंकानं. तिथं आलं की सर गप्प बसत आणि पुढं वाचत. रूबीबाई दर शुक्रवारी दुपारी ओल्या बोटानं एक पट्टी अलगद सोडवत.

"अहो, एक सुटली बरं का आपोआप."

"आपोआप काही सुटत नाही, रूबी. डिंक आण."

तीस वर्षं हे चाललं. माझी पानं डिंकानं पापडासारखी झाली, पण एवढे लाड दुसऱ्या कुठल्या पुस्तकाचे झाले नसतील.

मग रूबीबाईंची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा यवतमाळ, सुईनं काळेनिळे झालेले हात, सुजलेले पाय. पट्टी सोडवायला बोटात जोर राहिला नाही. एका शुक्रवारी मला छातीवर ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, मला कादिश हवा. बाबांच्या वेळेसारखं नका करू. पण खोटंही म्हणू नका. तसं म्हणालात तर मला कळेल."

पुढच्याच बुधवारी सकाळी त्या गेल्या.

आमच्यात माती त्याच दिवशी देतात. जागेसाठी दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडून नकार आला. उन्हाळ्याचे दिवस. देह घरात किती वेळ ठेवणार? शेवटी सरांचा जुना विद्यार्थी धम्मरत्न म्हणाला, "सर, माह्या वावराच्या धुऱ्यावर पळस हाय. तिथं ठेवू काकूले." इकडं वावर म्हणजे शेत आणि धुरा म्हणजे बांध.

कादिशाला दहा माणसं लागतात. जुन्या नियमानं दहा यहुदी पुरुष. सर म्हणाले, "देवच मानत नाही, तर पुरुष कशाला मोजू?" आमच्यात माणसं आकड्यानं मोजत नाहीत. दहा शब्दांचं एक वचन आहे, त्यातला एकेक शब्द एकेका माणसावर ठेवतात. धम्मरत्न धरून त्याच्या घरची पाच, खड्डा खोदणारा प्रेमसिंग आणि त्याची बायको मानीबाई, शाळेतल्या बेबीताई आणि स्वतः सर. दहावा शब्द तोंडातच राहिला.

"काकूले धरलं का, सर?" मानीबाईंनी विचारलं.

"ज्याच्यासाठी म्हणायचं त्याला धरत नाहीत, बाई."

सरांनी मग मला उचललं आणि प्रेमसिंगच्या शेजारी मातीच्या ढिगावर उभं केलं. दहावा शब्द माझ्यावर ठेवला. मित्रांनो, या वावरात उभं राहायचा मान मिळालेलं पुस्तक मी एकटाच.

तरी सरांचं तोंड उघडेना.

"काहून थांबले, सर?" धम्मरत्न म्हणाला.

"प्रत्येक ओळीनंतर तुम्ही 'आमेन' म्हणायचं असतं. तू कसं म्हणशील? तुझ्या आजोबांनी छप्पन साली प्रतिज्ञा घेतली, देव मानणार नाही म्हणून. आणि मी तरी कसं म्हणू?"

"आमेन म्हंजे काय?"

"खरं आहे, असं."

"काय खरं हाय?"

सरांनी पांढऱ्या कापडात गुंडाळलेल्या रूबीबाईंकडे पाहिलं.

"ही होती. एवढं."

"मंग झालं ना!" बेबीताई डोळे पुसत म्हणाल्या. "याले देव कायले पाह्यजे? मीठ मागाले मी रोज जात होतो त्यांच्याकडं. होत्याच त्या."

धम्मरत्न हळू बोलला, "सर, आम्ही वंदना म्हणतो तं वर कोणी ऐकून राह्यलं म्हणून नाही म्हणत. ज्याचं गेलं त्याच्या बाजूले उभे राहतो."

सरांनी सुरुवात केली. मी ढिगावर, म्हणून पाठ म्हणणं भाग होतं. मध्येच अडले. हुंदका आला की विसरले, मला सांगता येणार नाही. तेव्हा माझं पान उलटलं आणि नेमकं कादिशाचं निघालं. वारा असेल, असं प्रेमसिंग म्हणाला. वारा! झाडाचं पान हलत नव्हतं. सर वाकले, वाचत गेले. दर ओळीला आठ गळे म्हणाले, "आमेन." नववा माझा, तो कुणाला ऐकू आला नाही.

जीर्ण प्रार्थनेचं पुस्तक आम्ही रद्दीत देत नाही, जाळत नाही. माणसासारखं पुरतो. सरांनी मला रूबीबाईंच्या हाताशी ठेवलं.

"पट्ट्या काढू का, सर?" धम्मरत्ननं विचारलं.

"राहू दे," सर म्हणाले. "तिला काहीतरी काम नको का?"

मग माती पडली.

मित्रांनो, वर आता नऊच जण उरले आहेत. दर महिन्याला एका संध्याकाळी ते पळसाखाली येतात, सर दहा शब्द ठेवू लागतात, आणि शेवटचा शब्द हातात घेऊन थांबतात. कधी पांढरकवड्याला उतरलात तर धम्मरत्नचं वावर विचारा आणि जाऊन उभे राहा. तुम्ही काय मानता, हे कुणी विचारणार नाही.

इथं अंधार फार आहे. पण दर शुक्रवारी माझी एक पट्टी सुटते. वाळवी असेल म्हणा. शनिवारी मात्र काही हलत नाही.