खांद्यात वाढलेला खडा

मित्रांनो, मी एक जुना खडा आहे. नदीकाठचा नव्हे आणि तांदळातलाही नव्हे. एका बाईच्या उजव्या खांद्यात, स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरेत साठलेला कॅल्शियमचा खडा. माझे कौतुक आजवर कोणी केले नाही आणि पुढेही कोणी करणार नाही. तरी ऐकून घ्या, कारण माझ्यापाशी आता फार वेळ उरलेला नाही.

माझी बाई प्लास्टरची कारागीर. मोठ्या सभागृहांच्या छतांवर ती वेली आणि फुले बसवते. खाली तिचा दादा भुकटी कालवून साचे भरतो आणि ती परांचीवर चढून एकेक फूल छताला चिकटवते. मी तिथे का जमलो हे डॉक्टरांनाही नीट सांगता येत नाही. कित्येक वर्षे मी गुपचूप पडून होतो. कधी हात वर नेताना टोचलोच, तर ती खांदा चोळायची आणि पुढचे फूल उचलायची.

मग शरीराने माझी उचलबांगडी करायचे ठरवले. ते मला विरघळवू लागले आणि तिथेच सगळे बिनसले. घट्ट होतो तोवर मी शांत होतो. मऊ पडलो आणि आग पेटली. एका सकाळी तिला स्वतःची वेणी घालता येईना. सभागृहाच्या छतावर मधल्या मोठ्या फुलाची जागा तशीच रिकामी राहिली.

दादाच्या तोंडचे पाणी पळाले. इतकी वर्षे अंगावर उडालेले प्लास्टरच बहिणीच्या खांद्यात शिरले, अशी त्याची पक्की समजूत झाली. त्यांच्या धंद्याचा एक नियम आहे: ओले काम बसेपर्यंत, म्हणजे वाळून घट्ट होईपर्यंत, हलवायचे नाही. दादाने तोच नियम खांद्याला लावला. साचे पुसायच्या जाड फडक्याची झोळी करून त्याने तिचा हात गळ्यात बांधला आणि बजावले, "अजिबात हलवू नकोस. एकदा बसू दे, मग दुखणं आपोआप थांबेल."

आठवडे गेले. दुखणे थोडे उतरले आणि दादाला हायसे वाटले. पण मी आत होतो, मला वेगळेच कळत होते. सांध्याभोवतीचे आवरण दिवसेंदिवस आवळत चालले होते. माझ्याहून मोठे संकट माझ्या शेजारी वाढत होते आणि ओरडून सांगायला मला तोंड नव्हते. एका दुपारी दादा नाही असे पाहून तिने झोळीतून हात काढला आणि उचलून पाहिला. तो छातीपाशीच अडला. डाव्या हाताने ढकलला, तरी हलेना.

दादा परतल्यावर ती म्हणाली, "दादा, हात वर जातच नाही रे. दुखतंय म्हणून नाही. जातच नाही."

त्याच दिवशी दोघे डॉक्टरीणबाईंकडे गेली. एक्स-रेमध्ये मी पांढऱ्या डागासारखा दिसत होतो. प्लास्टरचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे त्यांनी दादाला आधी सांगितले. मग उपाय सांगितले. पुष्कळ खडे वेदनाशामक गोळ्या आणि व्यायाम यांवर आपोआप गाशा गुंडाळतात. सूज फार असेल तर इंजेक्शन देतात. जुन्या टणक खड्यावर बाहेरून ध्वनिलहरींचे धक्के देतात. मऊ झालेला खडा सोनोग्राफीत बघत सुईने धुऊन काढता येतो. काहीच लागू पडले नाही, तर शेवटी दुर्बिणीची शस्त्रक्रिया.

"खड्याचं बघू आपण," त्या म्हणाल्या. "मला काळजी आहे ती या बांधलेल्या हाताची. किती मोकळा होईल, ते आज सांगता येणार नाही."

दादाने तिच्या गळ्यातली आपणच मारलेली गाठ सोडली आणि फडके खिशात घातले.

सुईचा दिवस उजाडला तेव्हा माझी पाचावर धारण बसली. खांदा बधिर केला होता, तरी तिने दादाचा हात घट्ट धरला होता. सुई आत आली, पाणी आत आले आणि परत जाताना मला घेऊन गेले. नळीत पांढरे, गढूळ पाणी उतरले. जन्मभर प्लास्टर कालवणारा दादा ते पाहून खालच्या आवाजात म्हणाला, "हे तर बसलंच नव्हतं गं."

मी थोडासा मागे उरलो. नंतरचे महिने फार कठीण गेले. रोज सकाळी दादा तिला भिंतीवर बोटे चढवायला लावी. ती रडे, चिडे, त्याच्याशी बोलणे टाकी. बोटे कधी जरा वर जात, कधी जात नसत. ते मधले फूल दुसऱ्या कोणाला द्यावे का, हा प्रश्न दोघांच्याही मनात होता, पण तोंडाने कोणी काढला नाही.

आज ती परांचीवर चढली आहे. हात वर गेला आहे, फूल छताला टेकले आहे आणि प्लास्टर बसेपर्यंत ते तसेच धरून ठेवायचे आहे. डाव्या हाताने तिने कोपराला आधार दिला आहे. खाली दादा ते झोळीचे फडके मुठीत आवळून उभा आहे.

"हलवू नकोस," तो म्हणतो. "बसू दे."

मित्रांनो, हा नियम फुलासाठी आहे. दुखऱ्या खांद्याला तो लावू नका, खांदा वेळेवर डॉक्टरांना दाखवा. तिने आत्ताच हात खाली घेतला. फूल जागेवर आहे, आणि मी आता जवळजवळ नाहीच.