अवेळी उगवलेली शेवळं

लोधिवलीच्या मागच्या टेकडीवर शेवळाची भाजी काढताना हर्षलाच्या नवऱ्याला, कमलेशला, फुरसं चावलं आणि तो गेला. ज्येष्ठ महिना होता. तेव्हापासून त्याच्या आईने, गोदूबाईने, तिथी कधी विचारलीच नाही. टेकडीवर शेवळाचे जांभळे कोंब दिसले की ती भाजी रांधायची आणि परसात लेकाचं पान ठेवायची.

यंदा चैत्रातच पाऊस कोसळला. नंतर एका सकाळी गोदूबाई ओटीभर शेवळं घेऊन आली.

"त्याचा दिस आला गं."

"आई, अजून चैत हाय. काकडाला फळ तरी धरलंय का?"

शेवळं घशाला खाजतात. काकडाच्या आंबट फळांशिवाय ती कुणी शिजवत नाही.

"चिंच घालते. तो आलाय, त्याला थांब म्हनू?"

पान ठेवलं. कावळ्याने चोच लावली आणि घास न घेताच तो उडून गेला. म्हातारीचा चेहरा बघवेना, म्हणून हर्षलाच त्या पानावर जेवली. तिचा घसा सुजला, आवाज बसला. गोदूबाई तिच्याकडे टक लावून बघत राहिली.

"त्यालाबी शेवटी बोलता येईना."

ज्येष्ठ आला. काकडं लगडली, पण टेकडीवर शेवळाचा कोंब नव्हता; कोंब चैत्रातच येऊन गेले होते, आता नुसती मोठाली पानं. चौक गावच्या बाजारातही शेवळं नव्हती. गोदूबाई टेकडीवर गेली ती दुपार टळली तरी परतली नाही. कमलेश पडला होता त्याच जाळीत हर्षलाला ती सापडली. हातांनी शेवळाचे गड्डे उकरत होती.

"चला घरी, आई."

"चैतात आला तवा खाजरं वाढलं आपून. रुसला गं तो."

गड्डे तिने घरी आणून न्हाणीमागे लावले.

दिवाळी झाली तरी पाऊस हटेना. एका सकाळी न्हाणीमागे जांभळा कोंब वर आलेला हर्षलाला दिसला. सासू अजून उठली नव्हती. हर्षला उभीच राहिली. मग खाली बसून तिने तो गड्ड्यासकट उपटला, पदराआड धरला आणि ओढ्यात नेऊन टाकला.

परत आली तर गोदूबाई मागच्या दारात उभी.

"कोन आलं होतं गं?"

"कोन नाय, आई."

म्हातारीने न्हाणीकडे पाहिलं. हर्षलाने तिला हाताला धरून आत नेलं आणि दार लावून कडी घातली. दिवसभर ते उघडायचं तिला धाडस झालं नाही.