सातवी आणि आठवी बरगडी

मला एका जागी बसवत नाही. जेवतानाही माझा एक पाय दाराबाहेर असतो असं दादा म्हणतो. आणि आमच्या धंद्यात निम्मं काम गप्प बसून राहण्याचं आहे. हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी पोस्टात लागले असते, दिवसभर पत्रं वाटत हिंडले असते.

आमचं लाकडी नौका दुरुस्त करायचं वर्कशॉप. खाली शेड, वर दोन खोल्या. शेडमध्ये नऊ वर्षं एकच शर्यतीची नौका उभी होती, लांबलचक, बारीक कमरेची, वय शहात्तर. सगळे तिला म्हातारी म्हणतात. सेहेचाळीस वर्षांपूर्वी हिने परदेशात मोठा करंडक जिंकला, तेव्हा डोलकाठीपाशी बाबा होते. पुढे क्लबने तिला भंगारात काढलं आणि बाबा तिला घरी घेऊन आले. आई म्हणायची, यापेक्षा सवत परवडली असती, निदान भांडी तरी घासली असती.

यंदा जुन्या नौकांची आंतरराष्ट्रीय शर्यत आमच्या बंदरात होती. नऊ देशांच्या अकरा नौका, आमची धरून. चार वर्षांतून एकदा भरते आणि दर वेळी वेगळ्या देशात. बाबा एकोणऐंशीचे. खुब्याचं हाड मोडल्यापासून ते वरच्या खोलीत, खिडकीशी बसून असतात. तिथून बंदराचं तोंड दिसतं. म्हातारी शिडं फुगवून त्या खिडकीसमोरून गेलेली त्यांना एकदा बघायची होती. तसं ते बोलले नव्हते, पण दोन महिने त्यांनी खुर्ची तिकडून हलवू दिली नव्हती.

सुकाणू दादा धरणार होता. लाकडाचं काम माझं. नऊ वर्षं कोरड्यात राहिल्यावर फळ्या आकसतात, सांध्यांतून उजेड दिसायला लागतो. त्या फटींत कापसाचा पीळ घालायचा, बोथट छिन्नी लावून मोगरीने आत बसवायचा, पण हलक्या हाताने. नौका पाण्यात उतरली की लाकूड पाणी पितं, फुगतं आणि सांधे आपले आपण मिटतात. तोवर तीन दिवस पंपाने पाणी उपसत राहायचं आणि धीर धरायचा. “लाकडाला फुगायला जागा ठेव,” हे बाबांनी मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

बाबा वरून ऐकत असायचे. मोगरीचा आवाज मऊ आला की ठीक. टणटणायला लागला की वरून काठी आपटायची. म्हणजे कापूस जास्त झाला.

सोमवारी दुपारी शेवटचा सांधा राहिला होता. डावीकडचा, पाण्याखाली जाणारा, सगळ्यांत मोठ्या फटीचा. मंगळवारी नौका पाण्यात उतरवायची, शुक्रवारी तपासणी, शनिवारी शर्यत. माझ्या डोक्यात एकच भुंगा, हा सांधा तीन दिवसांत मिटलाच नाही तर? मी एक पीळ घातला. मग दुसरा. मग तिसरा घातला आणि अंगातला सगळा जोर लावून ठोकला. मोगरी टणटणत होती, मला ऐकू येत होतं. काठी आपटली नाही. म्हटलं, झोपले असतील.

संध्याकाळी चहा द्यायला वर गेले. दादा आधीच तिथे पाय पसरून बसला होता.

“डावीकडचा सांधा भरलास?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“हलका?”

“हलकाच, बाबा.”

खरं बोलले असते तर सगळा उपसून पुन्हा भरायला लागला असता, आणि तेवढा दम माझ्यात नव्हता. बाबांनी कानात करंगळी घालून हलवली. दादाला म्हणाले, “त्या कानाच्या डॉक्टरची वेळ घे रे.”

“ह्या वयात कान जायचेच बाबा,” दादा हसला. “इतके दिवस टिकले हेच खूप.”

मीही हसले.

मंगळवारी म्हातारी पाण्यात उतरली आणि चाळणीसारखी गळायला लागली. मी पंपापाशी. बुधवारीही तेच. मी दर अर्ध्या तासाने फळी उचलून पाणी बघायची, धक्क्यावर येरझारा घालायची, वर जाऊन बाबांना सांगायची, पुन्हा खाली. “तुझ्या पायाला भिंगरी लागलीय,” दादा म्हणाला. “तू बघितल्याने ती लवकर फुगणार आहे का?” गुरुवारी पाणी निम्म्याने कमी झालं. रात्री मला चार घास गोड लागले.

शुक्रवारी सकाळी मी आत उतरले तर तळ कोरडा होता. मी खूश होऊन फडकं पिळत होते, तेवढ्यात पायाखाली काटकी मोडावी तसा आवाज आला. थोड्या वेळाने अजून एक. मी तळाची फळी उचलली. डाव्या बाजूची सातवी बरगडी, फळ्यांना आतून धरून ठेवणारी, आडवी तडकली होती. आठवीही. बरोबर माझ्या सांध्याच्या मागे. बाकी सगळ्या फळ्यांना फुगायला जागा होती, इथे मी तीन पीळ कोंबले होते. जागा नाही म्हटल्यावर लाकडाने बरगड्या मोडून जागा केली.

मी फळी परत ठेवली आणि तिच्यावर दोरखंडाचं भेंडोळं ठेवलं. शनिवारी वारा जोराचा सांगितला होता. दादा आणि सोबत पाच जण. टिकेल, एकच दिवस तर आहे, असं मी स्वतःला समजावत होते. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो म्हणतात. मला तर म्हातारी मेल्याचंही दुःख होतं.

बारा वाजता तपासनीस आले. बूट काढून आत उतरले, तासभर थांबले, तळाला हात लावून बघितला.

“एवढी जुनी आणि एवढी कोरडी,” ते म्हणाले. “काम कोणी केलं?”

“माझ्या बहिणीने,” दादा म्हणाला. असं तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला असेल. तपासनिसांनी शिक्का काढला. दादा मला म्हणाला, “वर हात कर, बाबा खिडकीत आहेत.”

मी वर बघितलं. बाबा काच पुसत होते.

“थांबा,” मी म्हणाले. भेंडोळं बाजूला केलं आणि फळी उचलली.

तपासनीस बराच वेळ वाकून बघत राहिले. मग शिक्का खिशात ठेवून बूट घालायला लागले. ते गेल्यावर दादा म्हणाला, “आज कळलं तुला?”

“मोडल्याचं आज.”

“आणि कोंबल्याचं?”

“सोमवारी.”

“बाबांना तू सांगायचंस,” तो म्हणाला आणि निघून गेला.

जिन्याच्या चौदा पायऱ्या आहेत. मी दोनदा वर जाऊन खाली आले. शेवटी दारात उभं राहूनच सगळं बोलून टाकलं. तीन पीळ, सातवी, आठवी, उद्याची शर्यत नाही. चार वर्षांनी ती दुसऱ्या कुठल्या देशात भरेल आणि तेव्हा बाबा त्र्याऐंशीचे असतील, हा हिशोब दोघांनीही मनातल्या मनात केला.

“सोमवारी मी जागा होतो,” बाबा म्हणाले. “टणटण ऐकली. काठी उचललीही होती. म्हटलं, इतक्या वर्षांनी ही अशी ठोकणार नाही, माझ्याच कानात काहीतरी झालंय. म्हणून संध्याकाळी विचारलं. तू हलका म्हणालीस.”

मी आत येऊन त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले.

“चार दिवस मी बहिरा झालो म्हणून बसलोय इथे,” ते म्हणाले. “डॉक्टरची वेळ रद्द कर.”

मी तिथेच रडले. त्यांनी रडू दिलं.

शनिवारी सकाळी त्यांनी मला खुर्ची फिरवायला लावली, पाठ खिडकीकडे. समोर टेबल, टेबलाला दोन टाकाऊ फळ्या आवळलेल्या, मध्ये फट. कापूस, छिन्नी, मोगरी. मी समोर बसले. दहा वाजता बंदरात तोफ वाजली. त्यांच्या खांद्यावरून मला पहिलं शीड दिसलं, मग दुसरं.

“बाबा, बघा तरी.”

“मी ऐकतोय. ठोक.”

मी ठोकायला लागले. मागून एकेक नौका बंदराबाहेर पडत होती, वाऱ्याने कललेली. माझे डोळे सारखे तिकडे जात होते. मोगरी टणटणली.

बाबांनी काठी आपटली. “जास्त झाला. उपस सगळा, आणि पुन्हा भर.”

दहावी नौका खिडकीतून दिसेनाशी झाली. मी कापूस उपसला आणि पुन्हा भरायला बसले.