खुर्शिदची चरबी

केडगाव स्टेशनासमोरच्या गल्लीत कासम शेख शिवणाचं दुकान चालवायचा. गिऱ्हाइकांची मापं टेप लावून घ्यायचा, बायकोचं माप मात्र नुसत्या नजरेनं. खुर्शिद लग्नात काडीसारखी होती. लेकरं झाली, अंग भरत गेलं, आणि कासम मुकाट्यानं तिच्या कुडत्यांची शिलाई उसवून आतली माया, शिवणीत दाबलेलं जादा कापड, सोडत गेला. तिनं कधी विचारलंच, "अवो, मी जाड झाले का?" तर म्हणायचा, "तू न्हाई गं, आजकालचं कापडच आटतंय."

तिच्या बेंबीपाशी हर्निया निघाला तेव्हा तिला घेऊन तो पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पांढरा एप्रन घातलेली एक मुलगी खाटेपाशी येऊन बसली.

"मामी, ऑपरेशनात पोटातली थोडी चरबी काढावीच लागती. मग ती फेकून देत्यात. त्यापरीस आमच्या प्रयोगशाळेला द्याल का? आम्हाला अभ्यासाला लागती. कॅन्सरवरचं काम हाय."

खुर्शिद खुदकन हसली. "घे की माय! उरलेली बी घिऊन जा."

"न्हाई," कासम म्हणाला. "काय द्यायचं न्हाई."

खुर्शिद त्याच्याकडं बघतच राहिली. इतक्या वर्षांत हा माणूस तिच्या बोलण्यावर असा कधी तुटून पडला नव्हता. तो तसाच उठून व्हरांड्यात गेला.

त्याच्या डोळ्यांपुढं निलोफर उभी होती, त्याची धाकटी बहीण. तिच्याही खाटेपाशी असाच एक एप्रनवाला येऊन म्हणाला होता, छातीतल्या गाठीचा छोटासा तुकडा तपासायला देऊ. तुकडा गेला, रिपोर्ट आला आणि वर्ष फिरायच्या आत निलोफरही गेली. शेवटी शेवटी तिला खुर्शिदच मांडीवर घेऊन भरवायची.

मुलगी मागोमाग आली. "मामा, रागावलात?"

तिच्या बोलण्याचा ढंग ओळखीचा वाटला. "कुठली गं तू?"

"न्हावऱ्याची. हरिबा आप्पांची नात, स्वप्नाली."

"हरिबांचे सदरे मी शिवलेत की!" कासमचा आवाज मऊ झाला. "पोरी, खरं सांग. हिला बी माझ्या बहिणीसारखा कॅन्सरच हाय ना? म्हणून मागताय ना?"

स्वप्नाली चपापली. "न्हाई वो मामा! मामींना नुसता हर्निया हाय. आन् आम्ही चरबी सगळ्याच पेशंटांना मागतो."

मग कठड्याला टेकून तिनं समजावलं. पेशी चरबी साठवून ठेवतात आणि शरीराला गरज पडली की थोडी थोडी रक्तात सोडतात. ही सुटी झालेली चरबी म्हणजे फॅटी अॅसिड. काहींच्या पेशी गरज नसतानाही सोडतच राहतात. शेजारी एखादी बिघडलेली पेशी असली, तर ती त्यावर पोसली जाते का, हे त्या लोकांना बघायचं होतं.

"तसं निघालं, तर हे सोडणं आवरून कॅन्सर व्हायच्या आधीच थोपवता येईल."

"येईल?"

"ठाऊक न्हाई, मामा. आमचा अंदाज चुकीचा बी निघंल."

निलोफरच्या वेळी जो तो म्हणायचा, होईल बरं, होईल बरं. ठाऊक नाही असं सरळ सांगणारं माणूस कासमला आज भेटलं होतं. तो आत गेला.

"तुला द्यायची तर दे."

"माझीच हाय," खुर्शिद म्हणाली. "तुम्हाला इचारलंय कुणी?" पण त्याचा हात तिनं बराच वेळ सोडला नाही.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी आल्यावर खुर्शिदला नवाच नाद लागला. ती स्वप्नालीला फोन करायची. "बरी हाय ना माझी चरबी? खायला घालता ना तिला?"

"घालतो, मामी. पेशी जित्या ठेवायला साखरपाणी देतो."

"थोडंच द्या. लई सवय लागंल तिला!"

जखम दाखवायला परत गेले तेव्हा स्वप्नालीनं दोघांना प्रयोगशाळेत नेलं. सुईत दोरा ओवताना मिटायचा तसा एक डोळा मिटून कासम सूक्ष्मदर्शकावर वाकला. गोल गोल, टपोरे, चमकते थेंब एकमेकांना बिलगून बसले होते.

"अगं, काय देखणी हाय ही!"

"बगा," खुर्शिद म्हणाली, "मला कवा असं म्हणाला न्हाईत."

सगळी प्रयोगशाळा हसली. हसू ओसरल्यावर कासमनं विचारलं, "ह्याचं उत्तर कवा मिळंल?"

"वर्षं लागतील."

"मग तवर?"

"तवर तपासणी. मामी, तुम्ही छातीची तपासणी केलीय?"

खुर्शिदनं मान खाली घातली. निलोफर गेल्यापासून ती ते टाळत होती, आणि कासमनंही कधी विषय काढला नव्हता. दोघंही एकाच गोष्टीला भीत होती.

"आजच करू," तो म्हणाला.

"आन् काय निघालं तर?"

"येळंवर निघंल. निलूला सांगणारं कुणी नव्हतं. तुला मी हाय."

स्वप्नालीनं चिठ्ठी मिळवून दिली. तपासणीच्या खोलीबाहेर, बायकांच्या घोळक्यात, कासम तिची पर्स पोटाशी धरून उभा राहिला. एका म्हातारीनं विचारलं, "बायकूची वाट बघता व्हय?" तर त्यानं मान हलवली आणि पर्सचा बंद मनगटाला गुंडाळला.

रिपोर्ट आला त्या दिवशी दुपारी तो दुकानात मशीनवर होता. खुर्शिद दारात येऊन उभी राहिली.

"काय न्हाई निघालं. सगळं चांगलं हाय. सकाळीच कळलं. स्वप्नालीला सांगितलं, पोरांना सांगितलं."

"आन् मला सगळ्यात शेवटी?"

"तुम्ही गिऱ्हाइकाम्होरं रडाल, म्हणून गर्दी सरायची वाट बघत होते."

गर्दी सरली होती. सदऱ्याची बटणं लावून घ्यायला आलेला एक माणूस तेवढा बाकावर बसला होता. कासम त्याच्यासमोरच रडला.